केर काढण्याआधीचं पाणी

माझी बायको गेली त्याला तीन पावसाळे झाले. फुप्फुसं भरली होती तिची. गावात कोण म्हणतो खाणीच्या धुळीने, कोण म्हणतो चुलीच्या धुराने. ती कशाने भरली ते मला माहीत आहे, आणि तेवढं लिहून ठेवायला बसलो आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं, पोर्तुगीज असताना गावातल्या मराठी शाळेत झालेलं. चुका होतील. होऊ देत.

आम्ही डिचोलीचे कुंभार. बाप तांबड्या मातीचं काम करायचा. पाण्याची मडकी, पणत्या, तुळशीची वृंदावनं. मीही तेच शिकलो आणि तेच करत मेलो असतो. पण गोव्याचं वेगळं राज्य व्हायच्या आधी चार-पाच वर्षं मांद्र्याला एक परका माणूस येऊन राहिला. समुद्राच्या अलीकडे जुनं घर त्याने भाड्याने घेतलं होतं, आणि त्याला भट्टी बांधायला विटांचं काम जाणणारा कुंभार हवा होता. बायकोचं माहेर पेडण्याचं. तिच्या भावाने मला निरोप धाडला. आठ दिवसांच्या कामाला म्हणून गेलो, तो सात वर्षं राहिलो.

त्या माणसाला आम्ही मास्तर म्हणायचो. तो चिनी मातीची भांडी करायचा, आणि चीनमध्ये पूर्वीपासून करतात त्याच पद्धतीने. मी आधी हसलो. माझ्या डोक्यात चिनी माती म्हणजे हॉटेलातली कान तुटलेली कपबशी. मग त्याने एक वाडगं माझ्या हातात दिलं आणि जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, धरायला सांगितलं. पलीकडून माझीच बोटं दिसली. मडकं करणाऱ्या माणसाला असं काही दाखवू नये. त्याला मग मडकं गोड लागत नाही.

माती पांढरी, सावंतवाडीच्या बाजूने यायची. त्यात गारगोटीची पूड, आणखी एका दगडाची पूड. सगळं पिठासारखं बारीक. चाकावर वाडगं काढायचं ते जाडच निघतं, कारण ही माती आळशी आहे, उभी राहत नाही. मग ते पूर्ण सुकू द्यायचं आणि सुकल्यावर परत चाकावर उलटं बसवून लोखंडी पात्याने तासायचं. आमच्या तांबड्या मातीला ओलसर असतानाच हात फिरवतात. चिनी रीत सुकं तासायची. तासताना कणकेच्या गिरणीत उभं असल्यासारखं वाटतं. भुवया पांढऱ्या, नाकातले केस पांढरे.

मास्तर इतर बाबतीत मऊ माणूस. पण एका गोष्टीला कडक. कामाच्या खोलीत झाडू आणायचा नाही. लादीची जमीन होती, ती दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसायची. पहिल्या आठवड्यात मी सवयीने झाडू घेतला, तर त्याने तो माझ्या हातातून काढून समुद्राच्या बाजूला भिरकावला. त्याचं मराठी तोडकं. म्हणाला, "ही धूळ वेगळी. खोकून निघत नाही. आत बसली की बसली. माझे गुरू असे गेले, त्यांचा भाऊ असा गेला. झाडू नाही. ओला कपडा." मी म्हटलं बरं. सात वर्षं पुसलं. शेजारचा मासे विकणारा मला चिडवायचा, "कुंभारा, बायको घरा ठेवन हंय कामवाली जालंस?"

राज्याची भाषा मराठी की कोकणी, हे भांडण पेटलं ते त्याच दिवसांत. आमच्या घरात बोलायचं कोकणी, वाचायचं मराठी आणि भांडायचं दोन्हींत, त्यामुळे आम्हाला त्यातलं फारसं कळलं नाही. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद. एकदा वाडग्यांची टोपली गवतात बांधून मी चालत पेडण्याला निघालो होतो. वाटेत पोरांनी अडवलं. टोपलीत दगड आहेत काय म्हणून उघडायला लावली. एकाने वाडग्यावर टिचकी मारली. ते देवळातल्या घंटेसारखं वाजलं. मग दुसऱ्याला मारायची होती, मग तिसऱ्याला. "फोडशात रे," मी म्हटलं. "मराठीत वाजता काय कोकणीत, तां बघतंव," एक म्हणाला आणि सगळे हसले. सोडलं मला.

पुढे राज्य झालं. मांद्र्याला परदेशी लोक वाढले, मागणी वाढली. आणि मास्तरची आई आजारी पडली तसा तो आपल्या गावी गेला तो गेलाच. जाताना चाक आणि दगड दळायचं यंत्र मला दिलं. मी सगळं ट्रकात घालून डिचोलीला आणलं आणि बापाच्या पडवीत मांडलं.

तिथे पहिली चूक. डिचोलीचा रस्ता म्हणजे खाणीच्या ट्रकांचा रस्ता. दिवसभर लोखंडाचा तांबडा दगड भरून नदीवरच्या धक्क्याला जायचे, तिथून बार्जीत, मालाच्या मोठ्या होडीत, पडून मुरगावच्या बंदराला. सगळ्या गावावर तांबडी धूळ. केळीची पानं तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे, कुत्री तांबडी. आणि पांढऱ्या मातीला लोखंडाचा एवढासा कण लागला की भट्टीतून काळा ठिपका होऊन निघतो. पहिल्या भट्टीचा निम्मा माल माशा बसल्यासारखा निघाला.

दुसरी गोष्ट, पडवीची जमीन शेणाने सारवलेली. ती पुसता येत नाही. ओलं फडकं फिरवलं की चिखल. मला लादी घालायची होती. दर भट्टीनंतर म्हणायचो, पुढच्या भट्टीनंतर घालू. मग कधी छप्पर आलं, कधी नवं यंत्र आलं, एकदा तर टीव्ही आला. लादी आली नाही.

बायको आधी कामात नव्हती. डिचोलीला आल्यावर ती आली. हात तिचा माझ्यापेक्षा हलका. मी वाडगं तासून पापडासारखं पातळ करायचो, ते एकदा हलकं भाजलं की उचलून झिलईत बुडवायचं काम तिचं, आणि वीस वर्षांत तिने किती फोडली असतील ते एका हातावर मोजता येईल. गारगोटीची पूड चाळायची तीच. आणि केरही तीच काढायची, दिवसातून तीनदा, तांबड्या धुळीसाठी. "केर काढ गो" हे मी तिला जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदा तिचं नावही घेतलं नसेल. आमच्यात नाव घेतही नाहीत.

आता ज्यासाठी बसलो ते सांगतो.

तिची केर काढायची पद्धत आईने शिकवलेली. आधी तांब्यातून पाणी घ्यायचं, बोटांनी जमिनीवर शिंपायचं, मग सारण, म्हणजे केरसुणी, चालवायची. आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात. धूळ उठत नाही. ती पडवीतही तसंच करायची, कुणी न सांगता.

मांद्र्याच्या एका हॉटेलाने पहिल्यांदा मोठी मागणी दिली तेव्हा चाळीस वाडगी तासून फळ्यांवर जमिनीलगत मांडली होती. पंधरा दिवसांचं काम. सकाळी ती तांब्या घेऊन आली, शिंपलं आणि केर काढून गेली. नंतर मी बघतो तर कडेच्या सहा वाडग्यांवर थेंब पडलेले. कच्चं वाडगं इतकं सुकं आणि इतकं पातळ असतं की थेंब पडला तिथे ते फुगतं आणि चिरतं. सहाही गेली.

मी आरडलो. तिची आई तेव्हा चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, ती ओट्यावर बसून ऐकत होती. तिच्या देखत म्हटलं, "हां शेणातलां शिंपणां तुझ्या आवयच्या गोठ्यात. हंय सुको केर काढायचो."

ती म्हणाली, "धुळो उठता."

"उठां दी. धुळीन कोण मरत नाय."

असंच म्हणालो. मास्तरचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. ते बोलताना आठवलं होतं. त्याने झाडू भिरकावला तो हातही दिसला. पण सहा वाडगी डोळ्यासमोर होती. आणि त्याच्याकडे लादी होती, माझ्याकडे नव्हती, आणि लादी का नव्हती ते तिला सांगायला नको होतं.

सासूने बोचकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेली, दोन दिवस आधीच.

त्या दिवसापासून बायकोने पाणी शिंपलं नाही. सुका केर काढला. सुरुवातीला पदर नाकावर बांधायची. मग उकाड्याने सुटला तो सुटला. सकाळी कवाडातून ऊन आत यायचं, त्यात पांढरा धूर उभा राहायचा आणि ती त्यातून वाकून पुढे सरकायची. मी चहा पीत बघायचो. वाडगी चांगली निघायला लागली. ठिपके कमी झाले. पणजीचा एक दुकानदार गाडी घेऊन दारात यायला लागला. तो म्हणायचा, "या धुळीत एवढं पांढरं कसं काढता तुम्ही?" मी तिच्याकडे बोट दाखवायचो. कौतुकानेच दाखवायचो.

खोकला आला तो केव्हा हे नक्की सांगता येत नाही. खोकला डिचोलीत सगळ्यांनाच. पोरांना, पाव विकणाऱ्या पोदेराला, देवळातल्या भटाला. गावातला दोतोर सगळ्यांना एकच बाटली द्यायचा आणि म्हणायचा, खाणीची धूळ. आम्हीही म्हणालो खाणीची धूळ. पुढे लोक एकत्र झाले आणि ट्रक अडवायला रस्त्यावर बसले. आम्ही दोघंही गेलो. हिचा खोकला सगळ्यांत मोठा म्हणून पुढाऱ्याने हिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मामलेदार आला तसा पुढारी म्हणाला, "साहेब, ह्या बायेचो खोकलो आयका." ती लाजली. मग खरंच उबळ आली आणि ती खोकली, आणि लोकांनी घोषणा दिल्या. घरी येताना म्हणाली, "माझो खोकलो आज सरकारान ऐकलो." हसत होती. मीही हसलो.

काही वर्षांनी खाणी खरंच बंद झाल्या. ट्रक थांबले. लोकांची कामं गेली, ते एक झालं. पण रस्ता शांत झाला. पावसाने झाडं धुतली ती परत तांबडी झाली नाहीत. दिवाळीपर्यंत शेजाऱ्यांची पोरं खोकायची थांबली. पोदेर थांबला. ही थांबली नाही. विहिरीवरून अर्धी घागर आणताना मध्ये दोनदा बसायला लागली.

तेव्हा मला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. सगळ्या गावाची धूळ गेली होती आणि हिची राहिली होती. तरी मी आणखी सहा महिने गप्प बसलो, आणि त्या सहा महिन्यांत दोन भट्ट्या काढल्या.

मग इस्पितळात नेली, मोठ्या. छातीचे फोटो काढले. दोतोर पोरगीच होती, पण हुशार. फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मला विचारलं, "घरात काम कसलं?" मी सांगितलं, चिनी मातीची भांडी. तिने पेन खाली ठेवलं. "माती सुकी चाळता?"

"नाय, ओली," मी म्हटलं.

"जमीन झाडता की पुसता?"

"पुसतो. ओल्या फडक्यान."

बायको शेजारच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. दोतोरणीने तिला विचारलं, "खरं ना, मावशी?" तिने मान हलवली. नवऱ्याला लोकांत खोटं पाडायचं नाही हे तिचं वळण. दोतोरणीला काही पटलं नाही, पण तिने आणखी तपासण्या लिहून दिल्या, टीबीच्याही, आणि तोवर टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

बसमध्ये ती जनेलाकडे बसली. म्हापसा मागे पडलं. मग म्हणाली, "ऐकलात?"

"काय?"

"खोटां कित्याक सांगितलात?"

मी म्हटलं, लोक ऐकत होते.

"तुमका म्हायत होतां."

हे तिने विचारलं नाही. सांगितलं. तरी मी उत्तर दिलं. मास्तरचं सगळं सांगितलं, झाडू भिरकावला ते, त्याच्या गुरूचं, गुरूच्या भावाचं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला तरी थांबलो नाही. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिला बोलायला श्वास जुळवावा लागायचा, तो जुळवला आणि म्हणाली, "माझ्या आवयक घालवन दिलात तुमी त्या दिवसा. ती परत आमच्या घरा रवाक येवंक नाय. मेली. माका वाटलां, सहा वाडग्यांखातीर. मिया सोडून दिलां. वाडगी महाग हती." परत श्वास घेतला. "माझो जीव सवाय हतो तां माका खबर नसलां."

सवाय म्हणजे स्वस्त. मी तिकिटं हातात चुरगाळत बसलो.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, ताट माझ्यापुढे ढकलायची. बेचाळीस वर्षांत एवढं कधी झालं नव्हतं. नवव्या दिवशी म्हणाली, "त्या दोतोर चेडवाक जावन खरां सांगा."

"आता सांगून औषध बदलतला?"

"नसो बदलां. ती टीबी सोधता. माझ्या आंगात नाय तां कित्याक सोधूक लावचां? तेचां काम वाढता."

गेलो दोघं. दोतोरणीपुढे उभा राहून सांगितलं, सुकी चाळायचो, सुका केर, वीस वर्षं, ती पाणी शिंपायची ते मी बंद केलं. खुर्ची दिली होती, बसलो नाही. तिने रागावावं अशी माझी फार इच्छा होती. ती रागावली नाही. इंग्रजीत लिहीत राहिली. लिहून झाल्यावर म्हणाली की टीबीची औषधं बंद करूया, त्यांनी पोटाला त्रास होत असेल, आणि घरी ऑक्सिजनची नळकांडी कशी मिळेल ते सांगितलं. पोटाला त्रास होतच होता. बायकोने मला सांगितला नव्हता.

बाहेर आल्यावर बायकोने कागद मागून घेतला आणि पिशवीत घातला. "बऱ्या अक्षरात लिवलां," म्हणाली. इंग्रजी वाचता दोघांनाही येत नव्हतं.

भट्टी मी त्याच दिवशी बंद केली. उरलेली माती पाण्यात कालवून चिखल केला आणि मागच्या खड्ड्यात घातली. पडवीत लादीही घालून घेतली. ती गवंड्याला म्हणाली, "घाल बाबा, तुझो तरी रोज सुटांदे." नवऱ्याची कीव करायची नाही असं तिने ठरवलंच होतं, आणि ते बरं केलं तिने. कीव केली असती तर मला सोसली नसती.

त्यानंतर सात महिने. आडवं झालं की तिला श्वास येत नसे. उशा लावल्या तर घसरायची. भिंत टोचायची. शेवटी मी खाटेवर तिच्या मागे बसायला लागलो, पाठीला पाठ लावून. तिला ते जमलं. दुपारची जेवणं झाली की असे बसायचो, ती रस्त्याकडे तोंड करून, मी भिंतीकडे. तिचा प्रत्येक श्वास माझ्या पाठीत कळायचा, आत जाताना ओढ, बाहेर येताना कुरकुर. कधी ती रस्त्यावरचं सांगायची. कुणाची म्हैस गेली, कुणाची सून माहेराहून आली. मी भिंतीकडे बघत हं म्हणायचो. त्या सहा वाडग्यांबद्दल परत एकदाही बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. मी विचारलं नाही. विचारायचा मला काय अधिकार?

गेली ती तशीच बसलेली असताना. पोदेराची सायकल येऊन गेली होती, तिने दोन उंडे पाव घ्यायला सांगितले, मी म्हटलं उठतो, ती म्हणाली, "बसा वायच." मी बसलो. थोड्या वेळाने पाठीला ओढ लागेना. मला कळलं. पण तिने बसा म्हटलं होतं, आणि उठलो असतो तर ती पडली असती. शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.